पारोल, बांबूचा ऑर्गन आणि शिंपल्यांची तावदानं

मी दुबईत असते, इथे ऑफिसात माझी एक फिलिपिनो मैत्रीण आहे, सप्टेंबर लागला रे लागला की ती डेस्कवर चांदणीचा कंदील टांगते. पारोल म्हणतात त्याला. बांबूच्या कामट्या, वरून पातळ रंगीत कागद, खाली शेपट्या. पहिल्यांदा बघितला आणि मला एकदम आमच्या चाळीतले आकाशकंदील आठवले, खळ लावून कागद चिकटवायचो ते! स्पॅनिश 'फारोल' म्हणजे कंदील, टागालोग या तिथल्या भाषेत मुळात 'फ' नव्हताच म्हणून झाला पारोल. नाताळच्या आधी १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटेच्या अंधारात मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) असते, त्या नऊ दिवसांत घराघरावर हे कंदील लागतात.

त्यानंतर मी फिलिपिन्स आणि तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या इतिहासावर मिळेल ते वाचत सुटले. आणि एक गोष्ट मला फार खटकते. सगळीकडे तोच पाढा, १५२१ ला दर्यावर्दी मॅगेलन पोचला, १५६५ ला लेगास्पीने स्पॅनिश वसाहत सुरू केली, मग अमुक संघाचे धर्मगुरू आले, तमुक चर्च उभं राहिलं. कोणाच्या हातांनी उभं राहिलं?? स्पॅनिश राजवटीत 'पोलो' नावाची वेठ होती, १६ ते ६० वयाच्या पुरुषांनी वर्षातले ४० दिवस राबायचं, लाकूड तोडा, जहाजं बांधा, चर्चं बांधा. हे सांगितल्याशिवाय मिशनचा इतिहास पुरा होत नाही असं माझं ठाम मत आहे.

मनिलाजवळ लास पिन्यासच्या चर्चमधे एक ऑर्गन आहे, म्हणजे नळ्यांमधे हवा सोडून वाजवायचं मोठं वाद्य, १८२४ ला पूर्ण झालेला. १०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ चक्क बांबूच्या! बांबूला कीड लागू नये म्हणून आधी तो कित्येक महिने समुद्राच्या वाळूत पुरून ठेवला होता. तो बनवणारे धर्मगुरू फादर दिएगो सेरा यांचं नाव सगळ्यांना माहितीये, मोठा कल्पक माणूस, त्यांचं श्रेय आहेच. पण नळ्या कापणाऱ्या, तासणाऱ्या, वाळूत पुरणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही, आणि ते वाचताना खरंच वाईट वाटलं.

आणि त्या खिडक्या! तिथली जुनी मोठी घरं खाली दगडाची, वर लाकडाची, कारण भूकंप. वरच्या मजल्याला सरकत्या खिडक्या आणि त्यात काचेऐवजी कापिझ, म्हणजे चपटे शिंपले चौकोनी कापून लाकडी जाळीत बसवलेले. उन्हाची तिरीप आत येते ती दुधासारखी मऊ होऊन. खिडकीला शब्द 'बिंताना', हाही स्पॅनिशवरूनच आलेला, पण शिंपला तिथल्याच समुद्रातला, खरवडणारी बोटंही तिथलीच.

आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांना आणि चर्चेसना लागलेला शिंपला याच जातीचा आहे बरं का. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश, आणि तावदानं सारखीच. म्हणून गोव्यातल्या मित्रमंडळींना कळकळीने सांगते, घराचं काम काढाल तेव्हा त्या खिडक्या भंगारात देऊन स्लायडिंग बसवू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की हे शिंपले कोण कापायचं, आणि नाव कळलं तर कुठेतरी लिहून ठेवा प्लीज.