पट्टी उतरल्याचे दुःख नाही

जो बँड मी गेली 19 वर्षे ऐकत आले, तो गेल्या आठवड्यात प्रथमच समोर ऐकला. तेव्हापासून जो भेटतो तो "कसा झाला कार्यक्रम?" असे विचारतो, आणि मी दर वेळी "छान झाला" असे सांगून विषय संपवते. हे उत्तर खोटे नाही, पण पुरते खरेही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. बँडचे नाव मुद्दामच घेत नाही. घेतले तर त्यांचे चाहते माझ्यावर तुटून पडतील, आणि एरवी अशा वेळी त्या चाहत्यांत सर्वांत पुढे मीच असते.

पहिले गाणे सुरू झाले आणि काहीतरी चुकते आहे असे वाटू लागले. गिटारची ओळ तीच होती, ठेकाही तोच होता, पण ओळखीच्या घरात शिरावे आणि छत हातभर खाली आलेले दिसावे, तसे काहीसे झाले होते. ध्रुवपद येईपर्यंत उलगडा झाला की गाण्याची पट्टी, म्हणजे आधाराचा सूर, उतरवली आहे, आणि तीही माझ्या अंदाजाने चांगली एका स्वराने. ज्या गायकाने ही गाणी ऐन पंचविशीत ध्वनिमुद्रित केली, तो आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. स्टुडिओत एकच ओळ दहादा गाऊन त्यातली सर्वोत्तम निवडता येते. रंगमंचावर ती एकदाच गायची असते, आणि त्यानंतर आणखी वीस गाणी उभी असतात. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही ज्या एका तार स्वरासाठी मी इतकी वर्षे वाट पाहिली, तो आला तेव्हा त्याने माइक सरळ श्रोत्यांकडे वळवला, आणि तो स्वर हजारो लोकांनी गायला. क्षणभर मला फसवणूक झाल्यासारखे वाटले. मग मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले होते, आणि माइक दूर असूनही गळ्याच्या शिरा अशा ताणलेल्या होत्या, जणू तो स्वतःशी अजून तिथपर्यंत चढतोच आहे. पट्टीबद्दलची माझी तक्रार तिथेच संपली. (तो स्वर मी फोनवर टिपला आहे. चित्रफितीत बँड ऐकूच येत नाही. ऐकू येते ती मी, आणि तीही बेसूर.)

जी तक्रार संपली नाही, ती वेगळीच आहे. तिसऱ्या गाण्यात स्त्रियांच्या आवाजातला तिपदरी कोरस आला, पण रंगमंचावर एकही स्त्री नव्हती. कोरस आधीच मुद्रित केलेला होता, आणि पुढे लक्ष देऊन ऐकल्यावर जाणवले की कीबोर्डचे काही भाग आणि दुसरी गिटारही तशीच कुठून तरी येत होती. याची कारणे मला समजतात. प्रकाशयोजना आणि पडद्यावरची दृश्ये संगणकावरच्या वेळेला बांधलेली असतात, म्हणून ड्रमरच्या कानात सतत क्लिक ट्रॅकची टिकटिक चालू ठेवावी लागते, आणि त्या टिकटिकीच्या पुढे-मागे कोणालाही जाता येत नाही. पण याचा परिणाम असा होतो की श्रोते पेटून उठले तरी लय किंचितही चढत नाही, आणि गायकाला एखाद्या शब्दावर रेंगाळावेसे वाटले तरी त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. आवाज थकला तर तो समोरच्या माणसाचाच थकवा असतो, आणि तो ऐकायला मी पुन्हा जाईन. मुद्रित कोरस मात्र माझ्याकडे घरी आधीपासूनच आहे.

पूर्वीचे सगळे खरे आणि आताचे नकली, असे मला म्हणायचे नाही. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकायला सुमारे 55 हजार लोक जमले होते. त्यांच्या किंकाळ्यांपुढे त्या काळचे अॅम्प्लिफायर इतके अपुरे पडले की खुद्द वादकांना स्वतःचे वादन नीट ऐकू येत नव्हते. पुढच्याच वर्षी, 29 ऑगस्ट 1966 च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमानंतर, त्यांनी दौरे करणेच थांबवले. आज कानातल्या मॉनिटरमुळे गायकाला आपला सूर ऐकू येतो, आणि मैदानाच्या मागच्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्यासारखीलाही शब्द कळतात. ध्वनी सेकंदाला जेमतेम 340 मीटर जातो, म्हणून शंभर मीटरवर रंगमंचावरचा ठोका जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा पोहोचतो. मध्ये उभारलेल्या स्पीकरच्या मनोऱ्यांतला आवाज तेवढाच उशिरा सोडून हा गोंधळ टाळतात. हे कौशल्य वाखाणण्यासारखेच आहे. प्रश्न इतकाच आहे की तंत्र हाताशी असताना ते कशासाठी वापरायचे. ग्रेटफुल डेडसारख्या अमेरिकन रॉक बँडने श्रोत्यांना कार्यक्रम ध्वनिमुद्रित करू दिले, 1984 पासून तर मुद्रण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागाच राखली, आणि लोक त्या टेप हौसेने जमवत राहिले, कारण तेच गाणे दर रात्री निराळे व्हायचे. माझ्या बँडच्या दोन रात्रींच्या टेप जमवण्याचे कारण मला त्या संध्याकाळी बराच वेळ सापडत नव्हते.

मग शेवटाकडे एक संथ गाणे आले. दिवे मंद झाले, पडदा काळा झाला, ड्रमर उठून गेला, आणि उरले ते फक्त गायक, त्याची गिटार आणि बास. दुसऱ्या कडव्यात दुसऱ्या ओळीआधी तो थांबला. शब्द विसरला की दम लागला, कळायला मार्ग नव्हता. बासवाला वाद्यावरची नजर काढून त्याच्या तोंडाकडे पाहू लागला आणि सारे मैदान चिडीचूप झाले. मग त्याने श्वास घेतला, आणि नेमक्या त्या श्वासावर बासचा सूर पडला. मी रडले, हे कबूल करायला हरकत नाही.

घरी आल्यावर याच दौऱ्यातल्या दुसऱ्या एका कार्यक्रमाची कोणीतरी टाकलेली चित्रफीत पाहिली. तिथेही तो त्याच ओळीआधी थांबतो आणि बासवाला तसाच वर पाहतो. आधी मी स्वतःवरच चिडले. मग दोन्ही चित्रफिती घड्याळ लावून पाहिल्या. एका रात्री तो सुमारे पाच सेकंद थांबला आहे, आणि आमच्या रात्री जवळजवळ नऊ. ही चार सेकंदे आमची होती की तीही ठरलेलीच होती, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. दरम्यान मूळ ध्वनिमुद्रण ऐकणे अवघड होऊन बसले आहे. दुसरे कडवे आले की मी त्या ओळीआधी थांबते, आणि गाणे मला न विचारता पुढे निघून जाते.