मोरी तुंबली? आकृतिबंध बदला!

मासळी बाजाराच्या वळणावरची मोरी यंदाही तुंबणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला आहे. मोरीलाही आहे. पण तुम्ही आता नुसते गावकरी राहिला नाहीत. 2 डिसेंबर 2025 ला मतं पडली, 21 ला मोजली गेली, गुलाल उडाला आणि जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकानंतर पालिकेत निवडून आलेली माणसं बसली. त्यात तुम्ही नगराध्यक्ष. तेव्हा पावसाळ्याआधी एकदा मोरीत वाकून बघावं असा मोह होईल. आवरा. मोरीत वाकलेल्या माणसाचा फोटो नेहमी पाठीमागून येतो.

त्यापेक्षा अभियांत्रिकी विभागाची पुनर्रचना करा. ती एसीत बसून करता येते.

सुरुवातीला एक अडचण येईल. नवं पद तुम्हाला निर्माण करता येत नाही. आकृतिबंध, म्हणजे कुठली पदं किती याचा तक्ता, मुंबईहून मंजूर होऊन येतो. नगर अभियंता राज्य सेवेतला. त्याला आणणारे वेगळे, नेणारे वेगळे, तुम्ही फक्त शाल-श्रीफळाचे धनी. त्यातून आपली पालिका मालवण-वेंगुर्ले-राजापूरसारखी 'क' वर्गातली, म्हणजे वस्ती चाळीस हजारांच्या आत. जी काही डोकी मंजूर आहेत, त्यातली निम्मी रिक्त. उरलेल्यांपैकी नगर अभियंत्याकडे शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार, म्हणून तो मंगळवारी आणि गुरुवारी तिकडे असतो. बाकीच्या दिवशी तो तिकडून आलेला असतो.

पण खचू नका. पद निर्माण करता येत नसलं तरी कक्ष करता येतो. कक्षाला मंजुरी लागत नाही, पाटी लागते. एक कार्यविभागणी आदेश काढायला मुख्याधिकाऱ्यांना राजी करा आणि पेंटरला बोलवा.

आता कक्ष कुणाला द्यायचे? हे कोकणात शिकवावं लागतं का? शिमग्याची पालखी आठवा. पहिला नारळ कुणाचा, अब्दागीर कुणी धरायची, पालखी आधी कुठल्या वाडीत जायची, यावर भावकी-भावकीत कोर्टापर्यंत गेलेली गावं आहेत. मानाची यादी तयार झाली की शेवटी कुणीतरी विचारतो, खांदा कोण देणार? विभागाचं तसंच. सगळ्यांना मान द्या. प्रमुख समन्वयक, सहसमन्वयक, नियंत्रक, पर्यवेक्षक. खांदा द्यायला कनिष्ठ अभियंता आहेच. तो एकटाच आहे, तेव्हा वादही होणार नाही.

मोरीसाठी निदान दोन कक्ष हवेत. एक 'भूपृष्ठावरील जल', दुसरा 'भूपृष्ठाखालील जल'. सीमारेषा म्हणजे मोरीवरची लोखंडी जाळी. जाळीच्या वर तुंबलेलं पाणी पहिल्याचं, खाली तुंबलेलं दुसऱ्याचं. जाळीतच प्लास्टिक अडकलं असेल तर संयुक्त पाहणी. संयुक्त पाहणीला दोघंही एका दिवशी मोकळे असावे लागतात, आणि असा दिवस साधारण दसऱ्याच्या आसपास येतो. तोवर जांभ्यानं पाणी पिऊन टाकलेलं असतं.

उधाणाची भरती असली की मात्र गंमत असते. गटाराचं तोंड खाडीत, भरतीला ते पाण्याखाली जातं, वरून पावसाचा लोंढा येतो, आणि पाणी जायचं सोडून यायला लागतं. हे पाणी कुणाचं? अजिबात गडबडू नका. खाडीकडून आलं म्हणजे ते महाराष्ट्र सागरी मंडळाचं. तोंड दुरुस्त करावं म्हणाल तर मध्ये किनाऱ्यालगतच्या बांधकामाला आवर घालणारं सीआरझेड आहे. सीआरझेडसारखं वरदान नाही. बंगल्याला ते कसं आडवं येत नाही हा वेगळा विषय, पण गटाराला ते हमखास येतं.

नालेसफाईला हात लावू नका, ती सुरळीत चालू आहे. मे महिन्यात गाळ काढायचा, मोजमाप पुस्तकात नोंदवायचा आणि गटाराच्या काठावरच ठेवायचा. मृगाचा पहिला पाऊस तो पुन्हा आत नेऊन ठेवतो. पुढल्या वर्षी तोच गाळ पुन्हा मोजता येतो. ओळखीचा असल्यामुळे मोजायलाही सोपा जातो.

कनिष्ठ अभियंत्याकडे नोडल अधिकारीपद द्यायला विसरू नका. एक नव्हे, सगळी. स्वच्छ सर्वेक्षण त्याच्याकडे, माझी वसुंधरा त्याच्याकडे, घरकुलं त्याच्याकडे, पाणीयोजनेचं अंदाजपत्रक घेऊन जीवन प्राधिकरणाच्या जिन्यात बसणंही त्याच्याकडे. म्हणजे तो दिवसभर फोटो अपलोड करील आणि मोरीकडे जाणार नाही. गेला तर त्याला ती तुंबलेली दिसेल, तो कागदावर तसं लिहील, आणि कागदाला उत्तर द्यावं लागतं.

दर सोमवारी सगळ्या कक्षांची आढावा बैठक घ्या. पद्धत देवळातल्या गाऱ्हाण्याची ठेवा. तुम्ही म्हणायचं, "यंदा बाजारात पाणी शिरता कामा नये." सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" देवळात निदान कोंबडं तरी लागतं, इथे बिस्किटांवर भागतं.

कुणीतरी मध्येच चिपळूणचं नाव काढेल. 22 जुलै 2021, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं, माणसं रात्रभर पत्र्यांवर आणि गच्च्यांवर होती. नंतर लोक साखळी उपोषणाला बसले तेव्हा कुठे नदीतल्या गाळाचा विषय हलला. गाळ काढा म्हणत होते हो ते. गाळासाठी कक्ष काढा असं एकही जण म्हणाला नाही. असलं उदाहरण बैठकीत येऊ देऊ नका. इतिवृत्तात 'इतर विषय' म्हणून घ्या आणि चहा मागवा.

आता तात्यांचा विषय. प्रत्येक पालिकेत एक तात्या असतात. पदनाम व्हॉल्व्हमन, हातात पहार, सायकलला पाना बांधलेला. आमच्या तात्यांना कुठला व्हॉल्व्ह किती फेरे फिरतो हे पाठ होतं, आणि वरच्या आळीतला उलटा फिरतो हेही. गटाराच्या तोंडाला, खारं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीला असते तशी उघाडी, म्हणजे झापेचं दार, आहे. भरतीआधी ती बंद झाली पाहिजे आणि ओहोटीला उघडली पाहिजे. झापेत ओंडका अडकला की सगळं मुसळ केरात. ते बघायला तात्या बरोबर वेळेवर जायचे, कारण हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खिशात पंचांग, बस.

तुमच्या तक्त्यात अशा माणसाला चौकोन देऊ नका. त्याला चौकोन दिला तर तो कुणाच्या खाली दाखवायचा, हा प्रश्न येतो. आणि कामाच्या हिशोबानं बघितलं तर वर दाखवावा लागेल. आमच्याकडे तात्या निवृत्त झाले तेव्हा फार छान भाषणं झाली. मग त्यांच्या जागी जीआयएस नकाशा करायचं ठरलं. सल्लागार आला, टॅब घेऊन. त्याला एकही व्हॉल्व्ह सापडेना, कारण अर्ध्यांवर पेव्हर ब्लॉक बसलेले. शेवटी त्यानं तात्यांनाच स्कूटरवर मागे बसवलं आणि गावभर फिरवलं. तात्या बोट दाखवत, तो टिंब टाकत. नकाशाचं बिल निघालं. टिंबं रंगीत आहेत.

तर तक्ता मोठा छापा, लॅमिनेट करा, जिन्यात लावा. जिन्यात अशासाठी की तळमजल्यावर पाणी आलं तरी वाचता येईल.

मग मृग लागेल. अमावास्येच्या आगेमागे एका दुपारी बाजारातून फोन येईल. भूपृष्ठावरचे म्हणतील खालच्यांना विचारा, खालचे म्हणतील सागरी मंडळाला पत्र दिलंय, नोडल अधिकारी तुंबलेल्या पाण्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह टाकत असेल. वार गुरुवार असेल, त्यामुळे नगर अभियंता तिकडे. तुम्ही एक करा. तात्यांच्या घरी माणूस पाठवा. ते येतील, लुंगी वर खोचून, पहार घेऊन. काही बोलणार नाहीत. फार तर "गो बाय माझे" म्हणतील आणि आत उतरतील.

त्यांना पैसे देण्याचा विचार करू नका. सेवानिवृत्त माणसाला मोरीत उतरवण्याचं मानधन कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचं, हे सांगणारा कक्ष अजून आपल्याकडे नाही. चहा द्या. चहा आकस्मिक खर्चात जातो. सोबत वडा मागवलात तर पावती दुकानदाराच्या सहीची घ्या, मागच्या लेखापरीक्षणात तोच आक्षेप आला होता.