कृपया हात लावा

सुट्टीत मामा लोकांच्या गळ्यात जी कामं पडतात त्यात हल्ली सायन्स म्युझियम एक नंबरला आहे. साध्या म्युझियममध्ये "हात लावू नका" अशी पाटी असते, पोरं तासाभरात कंटाळतात, विषय संपला. इथे सगळंच उलटं, हात लावायचं आमंत्रण. १९६९ साली फ्रँक ओपेनहायमरने सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम काढलं आणि हे खूळ जोरात पसरलं. अणुबॉम्बवाल्या ओपेनहायमरचा हा धाकटा भाऊ, म्हणजे लोकांची शांतता घालवायची हौस घराण्यातच असावी.

पोरांची पद्धत ठरलेली, बटण दिसलं की दाबायचं आणि काय होतंय ते बघायच्या आत पुढचं बटण गाठायचं. मागे दिवे लागतात, चेंडू हवेत तरंगतो, बघायला फक्त मी. "दुरुस्तीसाठी बंद" लिहिलेल्या मॉडेलपाशी मात्र भाचा-भाची दोघं हलायला तयार नाहीत.

मग ती फिरती खुर्ची. हातात डंबेल्स घेऊन हात पसरून बसायचं, कुणीतरी गिरकी द्यायची, हात छातीशी घेतले की स्पीड वाढतो, कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, कायम राहतो म्हणून. भाचीने गिरकी अशी दिली की घाबरून मी हात घट्ट जवळ घेतले, झालं, स्पीड आणखी वाढला. "थांबव गं!" म्हणून ओरडलो तर दिवसभरात एकही बोर्ड न वाचलेल्या त्या कार्टीने नेमका हाच वाचायला घेतला, तोही पहिल्या ओळीपासून, जोडाक्षरं फोडत. हात पसरा म्हणजे वेग कमी होईल, हे वाक्य शेवटच्या ओळीत होतं!

केस उभे करणाऱ्या त्या व्हॅन डी ग्राफच्या, म्हणजे स्थिर विजेच्या, गोळ्यापाशी गाइडबाईंनी व्हॉलंटियर शोधताना माझ्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि सौजन्याने नजर वळवली. प्रत्येक केसावर सारखाच चार्ज येतो म्हणून ते एकमेकांपासून लांब पळतात म्हणे. माझे आधीच पळालेत.

शेवटी कुजबुजायच्या डिश. हॉलच्या दोन टोकांना माणसाएवढ्या दोन खोलगट डिश, एकीच्या फोकसपाशी, म्हणजे डिशसमोर जिथे आवाज एकवटतो तिथे, बोललं की आवाज डिशवरून परतून सरळ समोर जातो आणि पलीकडची डिश तो गोळा करून तिथल्या माणसाच्या कानात टाकते. भाचा तिकडे उभा राहिलाय अशा समजुतीने मी हळूच म्हटलं, "निघायचं का रे?"

पलीकडून एका दमलेल्या आजोबांचा आवाज आला, "मी कधीचा तेच म्हणतोय हो, पण आमची नात सापडत नाहीये."