आराखड्याच्या हद्दीत गाव आलं, म्हणून जमीन जात नाही

‘बेळगावचा वाहतूक आराखडा महापालिकेच्या हद्दीपुरताच ठेवा. गावं आत घेतली की जमिनी जातील, आणि सीमेपलीकडचा महाराष्ट्रातला चंदगड तालुका जोडला की सीमाप्रश्नावरचा दावा गेलाच समजा,’ असा मजकूर सध्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. त्यामागची भीती मला समजते, पण त्यातली मागणी आपल्याच लोकांना महागात पडणारी आहे.

आधी महापालिकेच्या हद्दीचं बघू. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख 90 हजार होती, तर लगतच्या वस्त्या धरून 6 लाख 10 हजार. म्हणजे लाखाहून जास्त माणसं तेव्हाच हद्दीबाहेर होती. भर शहरातला कॅम्पसुद्धा, म्हणजे लष्करी छावणीचा भाग, महापालिकेत येत नाही. विमानतळ सांबऱ्याला, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) मच्छ्याला, सुवर्ण विधानसौध हलग्याजवळ. उद्यमबागच्या फाउंड्रींत पिरनवाडी, मच्छे, खानापूरकडून कामगार येतात. तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या गर्दीत हीच माणसं असतात. ती मोजलीच नाहीत, तर आराखड्यात शहरातले रस्ते रुंद होतील आणि गावाला सकाळच्या पाळीची बस मिळणार नाही.

जमिनीचा मुद्दा सगळ्यात नाजूक. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकऱ्यांनी पिकाऊ जमिनीसाठी लढा दिलाय, त्यामुळे सरकारी नकाशा दिसला की पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण जमीन जाते ती भूसंपादनाच्या अधिसूचनेनं, 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली किंवा 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली. प्रवाशांच्या पाहणीसाठी आखलेल्या रेषेनं नाही. उलट गाव आराखड्यात नसलं तरी अधिसूचना निघू शकते, आणि तेव्हा ‘बस-रेल्वेचा पर्याय तपासला होता का?’ असं विचारायला आपल्या हातात आकडेच नसतात. मागायचंच असेल तर हे मागा: या हद्दीमुळे जमिनीचा वापर बदलणार नाही, असं आराखड्यात स्पष्ट लिहा, आणि ग्रामपंचायतींना आराखड्याच्या समितीत मत द्या. 10 लाखांखालच्या शहराला राज्यघटनेतली महानगर नियोजन समिती लागू होत नाही. पण पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करणारी जिल्हा नियोजन समिती घटनेतच आहे. तिथं हा विषय लावून धरता येईल.

राहिला चंदगडचा प्रश्न. शिनोळीचे कारखाने सीमेला लागून आहेत. दवाखाना, कॉलेज, बाजार यांसाठी चंदगडकर बेळगावलाच येतात. डिसेंबर 2022 मध्ये वाद पेटला आणि बसगाड्या थांबल्या, तेव्हा झळ दोन्हीकडच्या मराठी माणसालाच बसली. अमेरिकेत कॅन्सस सिटीचं वाहतूक नियोजन मिसुरी आणि कॅन्सस या दोन राज्यांत मिळून चालतं. आजचं शहर आणि पुढच्या 20 वर्षांत शहर होईल असा भाग, दोन्ही तिथं नियोजनाच्या हद्दीत धरावे लागतात. आपल्याकडे दिल्लीभोवतीच्या प्रदेशासाठी 1985 पासून अनेक राज्यांचं मिळून नियोजन मंडळ आहे. एवढं मोठं मंडळ बेळगावला नको, दोन राज्यांचा साधा करार पुरे. महाराष्ट्राचा 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तो प्रवासी मोजल्यानं कमकुवत होत नाही. महाराष्ट्राची एसटी बेळगावात येते तीही दोन राज्यांच्या परस्पर वाहतूक करारानंच. त्या करारामुळे आजवर कुणी सीमाप्रश्न सोडला, असं झालेलं नाही.