बापूंचं वय आणि अक्काच्या गोळ्या

"अजून लहान हाय म्हणाले मला," बापू म्हणाले आणि कट्ट्यावर टेकले.

वॉर्डात सत्तरीच्या पुढच्यांसाठी वयवंदना कार्डाचा, म्हणजे दवाखान्यात फुकट उपचार मिळायच्या कार्डाचा, कॅम्प लागला होता. बापू सकाळी सातलाच आधार, रेशनकार्ड आणि दोन फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रांगेत उभे. साडेदहाला नंबर आला. मशीनवर बसलेल्या पोरीनं स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं वय अडुसष्ट. 2027 च्या जूनमध्ये या."

आता मिरजेत लक्ष्मी मार्केटजवळच्या आमच्या कट्ट्यावर शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे की बापू बहात्तरचे आहेत. पण सातवीनंतर ते मामाकडं जतला गेले, तिथल्या मास्तरांनी दाखल्यावर 1 जून 1957 लिहिलं आणि विषय संपवला. त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मली आहेत. त्याच तारखेवर बापू एसटीत कंडक्टर झाले, त्याच तारखेवर निवृत्त झाले.

"मग तक्रार कसली?" अण्णांनी पेपर खाली घेतला. "चार वर्षं जादा नोकरी केलीस की त्या तारखेवर. तेव्हा गेला नाहीस डेपो मॅनेजरकडं, साहेब मी खरा त्रेपन्न सालचा म्हणून."

"नोकरी केली तर तिकिटं फाडली की. जत-मिरज उभ्यानं. तुझ्यासारखं पंख्याखाली बसून शिक्के मारले न्हाईत."

अण्णा आणि बापू सातवीपर्यंत एका बाकावर. अण्णा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. बापूंनी एकदा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं आणि अण्णांनी दोन जामीनदार आणायला सांगितले, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. कट्ट्यावर कुठलाही विषय काढा, तो त्या दोन जामीनदारांवरून जातोच.

अण्णांचं वयवंदना कार्ड मात्र कधीच झालेलं. 2024 च्या ऑक्टोबरात धन्वंतरी जयंतीला योजना सुरू झाली आणि आठवड्याच्या आत अण्णांनी कार्ड काढून, लॅमिनेशन करून पाकिटात ठेवलं. तेच अण्णा आता सुरू झाले.

"एक करदाता म्हणून मला विचाराल तर हे फुकट वाटप बंद व्हायला पाहिजे. फुकट मिळालं की किंमत राहत नाही. मी वीस वर्षं मेडिक्लेमचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरतोय. वर अठरा टक्के जीएसटी. तो 2025 च्या सप्टेंबरात गेला."

"आणि कार्ड?" अक्कानं गाळणी आपटत विचारलं.

"ते माझा हक्क म्हणून काढलं."

"मग बापूंचं काय म्हणून म्हणायचं, खाऊ?"

अक्काची टपरी कट्ट्याला लागून आहे. आमच्यातलं सगळ्यात कमी शिक्षण तिचं आणि मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात जास्त शहाणपण तिच्याकडं. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "मला एक कळंना. एसटीत 65 ला अर्धं तिकीट. दवाखान्याला 70. एसटी सगळी फुकट व्हायला 75. रेल्वेची सवलत करोनात गेली ती आलीच न्हाई. माणूस म्हातारा नक्की कधी होतोय, हे एकदा सगळ्यांनी बसून ठरवा की."

यावर कुणाला काही सुचलं नाही. अण्णांनी चष्मा पुसला.

तेवढ्यात अस्लम आला. तो एका खासगी दवाखान्यात आरोग्यमित्र आहे, म्हणजे राज्य सरकारच्या फुकट उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर बसतो. बापूंची कथा ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "बापू, तुम्ही सत्तरीच्या मागं कशाला लागलाय? रेशनकार्ड हाय न्हवं? 2023 च्या जीआरनं समद्या रेशनकार्डांना घेतलंय. पिवळं, केशरी, पांढरं, काय बी चालतंय. दीड लाखाचं पाच लाख झालं. उपचार 1,356 होतं, पुढं यादी आणखी वाढली. तुम्हाला वयाची गरजच न्हाई."

"मग हे सत्तरीचं काय काढलंय?"

"ते केंद्राचं. सत्तरीच्या पुढच्यांना मिळकत किती ते विचारत न्हाईत. आणि ज्यांच्या घराला आधीच आयुष्मान, म्हणजे केंद्राचं फुकट उपचाराचं कार्ड, हाय, त्या घरातल्या म्हाताऱ्यांना वेगळं पाच लाख. पण ते माणशी न्हवं हां. नवरा-बायको दोघं सत्तरीचे असले तर दोघांत मिळून पाच."

"माझं रेशनकार्ड ऑनलाइन न्हाई," बापू हळूच म्हणाले.

अस्लमनं मान खाली घातली. इथं येऊन गाडी नेहमी अडते. बापूंच्या मुलानं चाकणला नोकरी लागल्यावर कार्ड तिकडं फोडून घेतलं, बापूंचं नाव कुठल्या कार्डात आहे ते तहसीलला दोन चकरा मारूनही कळलेलं नाही, आणि बारा अंकी नंबर नसला की अस्लमच्या खिडकीवर माणूस उभाच राहत नाही. योजना सगळ्यांसाठी आहे हे वाक्य खरं आहे. बापू त्या सगळ्यांत नाहीत, हेही खरं आहे. मला याचा राग येतो. ज्या माणसानं तीस वर्षं सरकारी बसमध्ये नोकरी केली, ज्याच्या पगारातली पै न् पै सरकारी वहीत नोंदली गेली, तो कोण आहे हे सरकारला ठाऊक नाही असं कसं होतं?

"त्याला कारण घोटाळे," अण्णा पुन्हा उभारी धरून म्हणाले. त्यांना पुरावा आठवला होता. "आयुष्मानवरचा कॅगचा रिपोर्ट वाचा 2023 चा. साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले. दहाच्या दहा आकडे नऊ! एक करदाता म्हणून मला झोप लागली नाही त्या रात्री."

"अण्णा, माझ्या कार्डाला बी कुठला नंबर लावलाय देव जाणं," अक्का म्हणाली. "पोरानं तीनदा सिम बदललं. म्हणून काय ह्यांच्या छातीतली जाळी खोटी झाली?"

आणि मग ती बोलली. तिच्या नवऱ्याला तीन वर्षांपूर्वी अ‍ॅटॅक आला. केशरी कार्डावर अँजिओप्लास्टी झाली, एक रुपया लागला नाही. हे ती नेहमी आधी सांगते, हात जोडून सांगते, आणि तेव्हा तिच्या आवाजात जे असतं ते योजनेच्या कुठल्याच जाहिरातीत उतरलेलं नाही. घर गहाण पडायचं वाचलं. अस्लमनंच तेव्हा रात्री दहाला कागद अपलोड करून मंजुरी आणली होती.

"पण घरी सोडल्यावर गोळ्या किती दिवसांच्या दिल्या? थोड्या. आणि डॉक्टर काय म्हणाले? आयुष्यभर चुकवायच्या न्हाईत. रक्त पातळ व्हायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची, शुगरच्या दोन. महिन्याला अठराशे. जाळी सरकारनं बसवली, आणि जाळीचं भाडं मी भरत्ये."

मी तिला म्हटलं, अक्का, हे वाक्य मंत्रालयाच्या दारावर लावायला पाहिजे. मनापासून म्हटलं.

अण्णांना गप्प बसवत नाही. "सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात. 2023 च्या पंधरा ऑगस्टपासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेसुद्धा घेत नाहीत."

"मिळत्यात की. मी आणत होते. सकाळी आठला रांग, तपासायला अकरा, गोळ्यांच्या खिडकीवर साडेबारा. त्या दिवशी टपरी बंद. सहाशे-सातशेचा गल्ला गेला. आणि पाचातल्या दोन गोळ्या संपल्यात म्हणून बाहेरची चिठ्ठी. मग फुकट कुठलं, अण्णा? तुमच्या बँकेत हिशेब असाच घालत होता काय?"

"जनऔषधीच्या स्वस्त दुकानात घे की," अस्लम म्हणाला.

"तिथंच घेत्ये आता. हजारावर आलंय. पण तिथं बी समद्या मिळत न्हाईत."

मी अर्थशास्त्र शिकवतो म्हणून कट्ट्यावर आकड्यांचं काम माझ्याकडं असतं. सांगितलं त्यांना. सरकारचाच हिशेब आहे: देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो त्यातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला. ही घट लहान नाही. पण शंभरातले जवळजवळ चाळीस अजूनही अक्काच्या गल्ल्यातूनच जातात. त्याच वर्षी सरकारांचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या 1.84 टक्के होता. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलेलं होतं, 2025 पर्यंत अडीच टक्के करू. शिवाय पाच लाखांचं हे संरक्षण मुळात माणूस अ‍ॅडमिट झाल्यावरचं आहे. केंद्राच्या योजनेत अ‍ॅडमिट व्हायच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. पुढं तुमचं तुम्ही बघा.

माझी आई शेवटची सहा वर्षं आजारी होती. त्या सहा वर्षांत ती दवाखान्यात अ‍ॅडमिट होती अकरा दिवस. बाकी सगळा काळ गोळ्या, रक्त-लघवी, महिन्याची तपासणी, रिक्षा. विमा त्या अकरा दिवसांसाठी असतो. म्हातारपण बाकीच्या दिवसांत असतं. हे मी पोटतिडकीनं बोललो, कारण मला खरंच वाटतं की गावोगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर, तपासणी आणि महिनाभराच्या गोळ्या नेमानं मिळाल्या, तर निम्म्या म्हाताऱ्यांवर जाळी बसवायची पाळीच येणार नाही. केंद्रानं 2025-26 साठी आयुष्मानला 9,406 कोटी ठेवलेत. ठेवावेतच. पण अक्काचा नवरा अ‍ॅटॅक यायच्या आधी सहा वर्षं बीपी न मोजता फिरत होता, त्या सहा वर्षांसाठी कुणी काय ठेवलं?

"दवाखानेवाल्यांचं बी ऐका," अस्लम म्हणाला. त्याला दोन्हीकडून शिव्या बसतात. "पॅकेज ठरलेलं असतंय. त्यात बेड, तपासण्या, औषध, जेवण समदं आलं. डॉक्टर म्हणतात रेट परवडत न्हाई, वर पैसं उशिरा येतात. मग पेशंट आला की खाट न्हाई म्हणून सांगतात. मला दिसतंय खाट हाय. पण मी काय बोलणार? आणि योजनेत दवाखाना हाय म्हणजे समदे आजार हायत असं बी न्हाई. मुतखड्याला हाय, हृदयाला न्हाई. रात्री दोनला माणूस छाती धरून आलेला असतोय आणि मी त्याला सांगायचं, काका, तुम्हाला मुतखडा असता तर बरं झालं असतं."

हसू आलं नाही कुणाला. अस्लमनं चहाचा कप खाली ठेवला. मिरजेला वैद्यकीची परंपरा आहे, डॉ. वानलेस 1890 च्या दशकात इथं आले तेव्हापासून. कर्नाटकातून आजही गाड्या भरून पेशंट उतरतात. सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले योजना लावायचं महाराष्ट्रानं ठरवलं तेव्हा तिकडचे पुढारी चिडले होते. अस्लम म्हणतो, निपाणीकडचा माणूस बापाला घेऊन आला की त्याला कुठलं राज्य चिडलंय ते ठाऊक नसतंय, त्याला खिडकी कुठं हाय तेवढंच पाहिजे असतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बापूंनीच विचारलं, "जेवण बी पॅकेजमध्ये म्हणालास?"

"व्हय. आणि घरी सोडताना परतीचं एसटीचं भाडं."

"परतीचं भाडं?" बापू ताठ बसले. "एसटीचं? लेका, मग तर कार्ड काढलंच पाहिजे. तीस वर्षं मी लोकांना तिकिटं दिली, एकदा सरकारनं माझं फाडू दे."

"तुला मिळणार नाही," अण्णा म्हणाले. "वय कमी आहे."

"आरं, तू साक्ष दे की! एका बाकावर बसत होतो न्हवं आपण? तुझं कार्ड हाय बहात्तरचं. मी अडुसष्टचा असलो तर पहिलीत शिरताना किती वर्षाचा होतो?"

अण्णांनी बोटं मोजली. बँकवाले असल्यामुळं मोजल्याशिवाय राहवत नाही. "दोन."

"दोन वर्षाचं पोरगं पाढे म्हणत होतं! आणि कोयनेचा भूकंप झाला 67 साली, तेव्हा पहाटे घराबाहेर पळालो तर मला मिसरूड फुटलेलं. मामी साक्षीला होती. कागदावर मी दहा वर्षाचा!"

"मिसरूड नव्हतं ते," अण्णा म्हणाले. "धूळ होती."

अक्का इतकी हसली की दूध उतू गेलं. अस्लम म्हणाला, उद्या सकाळी मी येतो, तहसीलला रेशनकार्डाचं आपण दोघं मिळून बघू, आणि मिरजेच्या शाळेतला जुना दाखला मिळतो का तेही. बापूंनी पिशवीला गाठ मारली.

"येतो साक्षीला," अण्णा उठता उठता म्हणाले.

"तू एकटाच?" बापू म्हणाले. "मला वाटलं दोन लागतात."