युरियाचं पोतं आणि पाऊण कोटीची गाडी

"पाऊण कोटीची गाडी घेताय? शोरूमवाले हे ७ मुद्दे कधीच सांगणार नाहीत!" अशा मथळ्याचा मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. बीएमडब्ल्यू एक्स३ आणि मर्सिडीज जीएलसी यांची तुलना, 'डोळे झाकून एक्स३ घ्या' असा निकाल आणि शेवटी हात जोडून 'गरजूंपर्यंत पोहोचवा'. पाऊण कोटीची गाडी घेणारे गरजू कोण, देव जाणे.

एरवी मी वाचून पुढे गेलो असतो. पण आमचे भाऊजी निफाडचे, द्राक्षबागायतदार, आणि या दोनच गाड्यांवर त्यांचं घोडं अडलंय. त्यांनी फोन करून विचारलं, "अरे, युरियाची पोती गोडाऊनला पडलीच आहेत. मग ते ॲडब्लू विकत कशाला आणायचं?"

ॲडब्लू म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी डिझेल गाडीच्या वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण, आणि हा मेसेजचा मुद्दा चौथा. बाकीचे सहा नुसते चुकीचे किंवा अर्धवट आहेत, हा मात्र लाखो रुपयांचा खड्डा आहे, म्हणून आधी हाच. मेसेजचं म्हणणं असं: डिझेल गाडीत ॲडब्लू भरायला लावणं ही कंपन्यांची लूट आहे. ते युरिया आणि पाण्याशिवाय दुसरं काही नसतं. दोन लिटर आरओच्या पाण्यात एक किलो युरिया ढवळा, कापडातून गाळा, टाकीत ओता.

यातलं प्रमाण जवळजवळ बरोबर आहे, आणि म्हणूनच माणूस फसतो. ॲडब्लू म्हणजे खरंच सुमारे साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी पाणी. गाडी त्याचा बारीक फवारा गरम धुरात मारते, युरियाचा अमोनिया होतो आणि पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, तो धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडांचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत रूपांतर करतो. एक्स३ २०डी असो की जीएलसी २२०डी, दोन्हींत हीच यंत्रणा आहे. तेव्हा या मुद्द्यावरून एक्स३ सरस कशी ठरते, हेही मेसेजवाल्यालाच ठाऊक.

आता हे द्रावण किती स्वच्छ हवं, यासाठी आयएसओ २२२४१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात कॅल्शियमची मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम चालतं. दीडशे पट! माणसाला चांगलं असलेलं पाणी त्या कॅटॅलिस्टला चालत नाही. "पण आम्ही आरओचं घेणार" असं भाऊजी म्हणालेच. घरगुती आरओ क्षार कमी करतो, पण अर्ध्या मिलिग्रॅमची हमी देत नाही. कित्येक मशिनांत तर चवीसाठी क्षार परत मिसळणारं काडतूस असतं. ॲडब्लूला लागतं ते खनिजं पूर्ण काढलेलं पाणी.

पाण्याचं हे झालं, खताची तऱ्हा त्याहून वाईट. २०१५ पासून देशात शेतीचा सगळा युरिया निमकोटेड, म्हणजे निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. भाऊजी, गोडाऊनमधल्या उघड्या पोत्यातून मूठभर दाणे घ्या आणि नाकाशी धरा. पांढऱ्या काचेच्या ग्लासात विरघळवून वर काय तरंगतं ते बघा. तो निंबोळीचा तवंग कापडाने गाळला जात नाही, आणि तोच गाडीच्या पंपातून नोझलपर्यंत जाणार. शिवाय बाययुरेट नावाची अशुद्धी खताच्या युरियात दीड टक्क्यापर्यंत चालते, ॲडब्लूत ०.३ टक्क्यापर्यंतच. पिकाला याचा फरक पडत नाही, पण गरम पाइपात त्याची खडी साचते. नोझल तुंबतं, कॅटॅलिस्ट निकामी होतो, मग डॅशबोर्डवर 'इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही' अशी उलटी गिनती लागते. गॅरेजवाल्याने टाकीतलं द्रावण तपासलं की वॉरंटीचा विषयच मिटला.

आणि कायदा? १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार अनुदानाचं खत शेताशिवाय दुसरीकडे वापरणं हाच गुन्हा आहे. निमकोटिंग सक्तीचं करण्यामागे हाही एक हेतू होता, की २६६ रुपयांचं पोतं कारखान्यांकडे वळू नये. पाऊण कोटीची गाडी घेणाऱ्याने त्या पोत्यावर डोळा ठेवावा, याला काय म्हणायचं! तयार ॲडब्लू पेट्रोलपंपावर डब्यात मिळतं. डिझेलच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ आहे.

या मुद्द्याच्या शेपटीला एक वाक्य आहे, ते मात्र नाइलाजाने मान्य करतो: 'फक्त गावातल्या गावात फिरणार असाल तर पेट्रोल घ्या.' खरं आहे. रोज चार-पाच किलोमीटर चालवली तर डिझेलचा काजळी धरणारा फिल्टर पुरेसा तापत नाही आणि तुंबतो. पण भाऊजींची निम्मी हयात नाशिक-मुंबई हायवेवर जाते. त्यांना डिझेल चालेल.

आता बाकीचे. मेसेजचा पहिला मुद्दा: एक्स३ थेट जर्मनीहून येते, जीएलसी चाकणला 'जोडतात', सबब एक्स३ चा दर्जा वरचा. जीएलसी चाकणला जुळवतात हे खरं. आपल्याकडे विकली जाणारी एक्स३ चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळवतात. गंमत म्हणजे पहिली एक्स३ ऑस्ट्रियात ग्राझला बनायची, पुढची पिढी अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गला गेली आणि आता ती दक्षिण आफ्रिकेतही बनते. म्हणजे ज्या जर्मन मातीच्या जोरावर हा मुद्दा उभा आहे, ती एक्स३ च्या चाकांना कारखान्यात कधी लागलीच नाही. शिवाय पूर्ण बनलेली गाडी आयात केली असती तर कस्टम ड्यूटी धरून ती या किमतीत पडलीच नसती.

दुसरा मुद्दा पैशांचा, आणि भाऊजींच्या सीएनेही त्यावर मान डोलावली म्हणून थोडं थांबतो. 'कंपनीच्या नावावर घ्या, सगळा जीएसटी परत.' नाही मिळत. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाड्यांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय, अडवलेलं आहे. गाड्यांचे विक्रेते, प्रवासी वाहतूकवाले आणि ड्रायव्हिंग स्कूल एवढ्यांनाच सूट आहे. द्राक्षाचं पॅकहाउस यात कुठे बसतं? घसारा मिळतो, वर्षाला १५ टक्के, हे अर्धसत्य घ्या हवं तर. पण तो करपात्र उत्पन्नातून वजा होतो, बँकेत जमा होत नाही. शेतीच्या उत्पन्नावर तर आयकरच नाही, मग वजा कशातून करणार? उलट महाराष्ट्रात डिझेल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर या किमतीला रोड टॅक्स १५ टक्के लागतो, कंपनीच्या नावावर २० टक्के. गाडीची किंमत सत्तर लाख धरली तर साडेतीन लाख जास्त. शोरूमकडून ऑन-रोडचा हिशेब दोन्ही नावांनी लिहून मागा, दोन आकडे शेजारी ठेवा.

तिसरा, सुरक्षेचा. 'युरो एनकॅपमध्ये एक्स३ ला ९३ टक्के, जीएलसीला ९२.' युरो एनकॅप म्हणजे गाड्या धडकवून गुण देणारी युरोपातली संस्था. आकडे खरे, तुलना खोटी. ९३ ची चाचणी २०१७ ची, मागच्या पिढीच्या एक्स३ ची. जीएलसीची २०२२ ची, आणि मधल्या काळात, २०२० मध्ये, समोरच्या धडकेची चाचणीच बदलून कडक केली. शिवाय हा आकडा फक्त प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेचा. सुरक्षा सहायक यंत्रणांमध्ये त्या जुन्या एक्स३ ला ५८ होते, जीएलसीला ८४. हे मेसेजमध्ये का नाही? यावरून आजची एक्स३ कच्ची आहे असंही ठरत नाही, कारण ती गाडीच वेगळी.

पाचवा: 'एक्स३ लांब, म्हणून मागे ऐसपैस.' लांबी ४,७५५ मिमी विरुद्ध ४,७१६, बरोबर. पण चाकांमधलं अंतर जीएलसीचं जास्त आहे, २,८८८ विरुद्ध २,८६५, आणि डिकीही एक्स३ च्या ५७० लिटरला जीएलसीची ६२०. टेप ठेवा बाजूला. ताईला आणि दोन्ही पोरांना मागे बसवा, गुडघे कुठे लागतात ते पाच मिनिटांत कळेल.

सहावा, डिझेल १० वर्षांनी भंगारात. तो नियम दिल्ली आणि एनसीआरचा, म्हणजे दिल्लीच्या आसपासच्या पट्ट्याचा. निफाड त्यात येत नाही.

सातवा, झारखंडचं पासिंग करून टॅक्स वाचवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो, तिथला टॅक्सही भरावा लागतो. भाऊजी झारखंडला किती वेळा जातात?

आणि मेसेजमधल्या किमती जानेवारी २०२५ च्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा एसयूव्हींवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांच्या जागी सरसकट ४० टक्के लागतो. तेव्हा कोटेशन ताज्या तारखेचं घ्या, भाऊजी, आणि पोती बागेलाच राहू द्या.