टोळी मिळत नाही? मजुरी सोडून सगळं देऊन बघा

आडसाली ऊस सोळा महिन्यांचा झाला, तुरे डोलू लागले, आणि ऊसतोड मजुरांच्या टोळीचा पत्ता नाही. घाबरू नका. कोल्हापूर-सांगलीपासून पार नगर-सोलापूरपर्यंत तुमच्यासारखे बागायतदार याच काळजीत पारावर बसलेले आहेत. त्यांच्यात जाताना एक वाक्य पाठ करून जा : 'सरकारनं लोकांना आळशी केलं.' फुकटचं रेशन आणि लाडक्या बहिणीचे 1500 रुपये मिळाल्यावर बीडची बाई फडात कशाला येईल? महिन्याचे 1500 म्हणजे दिवसाचे 50. पन्नास रुपयांवर माणूस जे काम सोडतो त्या कामात दम तो काय, असं एखाद्या आगाऊ पोरानं विचारलंच, तर त्याला चहा सांगायला पिटाळा.

आता मुख्य पथ्य. मजुरीचा हिशेब कायम टनावर करायचा, माणशी करायचा नाही. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनाला 273 चे 366 रुपये झाले. चौतीस टक्के! हा आकडा चारचौघांत जरा मोठ्यानं म्हणायचा. मग कुणी विचारणार नाही की एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटे अंधारात फडात उतरून दिवसभरात दोन टनांच्या आसपास ऊस तोडते, पाला काढून साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून फळीवर चढून ट्रॉली भरते. रात्री दोनला गाडी आली तर रात्री दोनला भरते. दोघांचे मिळून 732 रुपये. भागाकार करू नका, सांगितलंय ना.

तेव्हा दर वाढवण्याच्या भानगडीत पडू नये. मजुराला वाईट सवय लागते. त्याऐवजी खुशाली, म्हणजे टोळीला मजुरीवर हातात द्यायचे वरचे पैसे, द्यावी. खुशालीला पावती नसते, त्यामुळे ती दिल्यासारखी वाटत नाही. साधा फड असेल तर एकरी पाच हजार, ऊस पडलेला असेल, वाट चिखलाची असेल तर दहा. वर ट्रॅक्टर ड्रायव्हरची प्रत्येक खेपेला एन्ट्री, म्हणजे त्याचे वेगळे पैसे. त्याच्या जेवणात कोंबडं असलं तर ट्रॉली बांधावर लवकर लागते, असा अनुभव आहे. स्लिपबॉयला, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, अधूनमधून धाब्यावर न्यावं. कुणाला पैसे देऊ नका, तक्रार करा, असं साखर आयुक्तालयानं परिपत्रक काढलंय खरं. ते जपून ठेवा. तक्रार केलेल्या फडातली टोळी दुसऱ्या दिवशी कुठं जाते, ते परिपत्रकात लिहिलेलं नाही.

एकरी 40 टन धरले तर पाच हजारांची खुशाली टनाला 125 रुपये पडते. मजुरीत 93 रुपये वाढवून घ्यायला संघटनांना कोयता बंद ठेवायचे इशारे द्यावे लागले, बैठकांवर बैठका झाल्या, मोठमोठे नेते मध्ये पडले. आणि 125 तुम्ही बांधावर उभ्याउभ्या, खिशातून काढून दिलेत! त्यातले कोयत्यापर्यंत किती पोचले हे टोळी आणणाऱ्या मुकादमाला विचारू नका. 20 टक्के कमिशन घेणाऱ्या माणसाला असले प्रश्न अपमानाचे वाटतात.

मुकादमाशी तर गोडच राहा. पावसाळ्यात त्याला मजुरांसाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते. कोयत्यामागं लाखभर धरून चला, त्याच्या खाली आता कोण बोलत नाही. उचल दिली की मजूर आपला झाला. फिटेपर्यंत आपला, आणि फिटू नये अशी व्यवस्था हिशेबात आपोआप होते. 1976 चा वेठबिगारीचा कायदा आहे म्हणतात. असू दे. आपण त्याला विश्वासाचा व्यवहार म्हणतो, त्यासाठी मात्र स्टँपपेपर आणि कोरे चेक घेतो. आता हाच मुकादम तीन वाहतूकदारांकडून उचल घेऊन फोन बंद करतो, आणि ट्रॅक्टरवर कर्ज काढलेला गावातला पोरगा जीप घेऊन परळी-पाटोद्याच्या वाड्या-तांड्यांवर त्याला हुडकत फिरतो, हा भाग वेगळा. टंचाईच्या बाजारात उधारीनं माणसं विकत घ्यायची म्हटल्यावर थोडं इकडंतिकडं होणारच.

पावसाकडेही लक्ष असू द्या. मराठवाड्यात चांगला पाऊस झाला की तिकडची माणसं घरच्या रानात रमतात आणि इकडं कोयते कमी येतात. तेव्हा नवस करताना देवाला पत्ता नीट सांगा : आमच्या पंचगंगेला पाणी दे, बीडच्या सिंदफणेला नको. आणि पाऊस पडलाच तर तिकडचा शेतकरीही ऊस लावतो, ही आणखी एक कटकट. 2021-22 च्या हंगामात तेच झालं. राज्यात उसाचं गाळप विक्रमी, धुराडी जूनपर्यंत पेटलेली, आणि ज्या बीडनं सगळ्यांना तोडणारे पुरवले त्या बीडमध्येच ऊस उभा वाळला. मे महिन्यात गेवराई तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं उसाला काडी लावली आणि तिथंच गळफास घेतला. सरकारनं मग 1 मे नंतरच्या उसाला साखरेचा उतारा घटला म्हणून टनाला 200 रुपये अनुदान दिलं. पैसा बघा, कधीच कमी पडत नाही.

मजूर टिकवायचा असेल तर सोयी द्याव्या लागतात, असं एक मत आहे. कोपी, म्हणजे राहायची झोपडी, घालायला माळाची जागा देता, आणखी काय हवं? बाईला आडोसा लागतो, पण भोवती ऊसच तर आहे. एक दिवस खाडा पडला तर पाचशे-हजार कापायचे, म्हणजे आजारपण आटोक्यात राहतं. हा उपाय इतका गुणकारी ठरला की बायकांनी गर्भपिशवीच काढून टाकायला सुरुवात केली. 2019 साली सरकारी पाहणीत एकट्या बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक अशा निघाल्या. समिती नेमली गेली, अहवाल आला. तुम्ही 'वाईट वाटतं' म्हणा आणि स्लिपबॉयला फोन लावा.

एक धोका मात्र वेळीच ओळखा : शाळा. ऊसतोड्याचं पोरगं दहावी झालं की चाकणला, रांजणगावला नाहीतर वाळूजला कंपनीत लागतं, आणि बारा तासांच्या ड्युटीला आराम म्हणतं. वसतिगृहं काढायची असतील तर उद्घाटनं भरपूर करावीत, वसतिगृहं जपून काढावीत.

हार्वेस्टरचं, म्हणजे ऊस तोडणाऱ्या यंत्राचं, विचाराल तर जरूर घ्या. किंमत कोटीच्या घरात, सरकारनं 2023 मध्ये 35 लाखांपर्यंत अनुदानाची योजना काढली. त्याला उचल नको, खाडा नाही. फक्त तुमच्या वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते वळत नाही, अडीच-तीन फुटी सरीत शिरत नाही, आणि सोबत येणाऱ्या वाळल्या पाल्यापोटी, पाचटापोटी, वजनात कपात होते. जनावरांना उसाच्या शेंड्याचं वाढंही उरत नाही. पण कारखान्याच्या सभेत विषय काढायला उत्तम आहे. अध्यक्षही खूश होतात.

एवढं सगळं करूनही टोळी आली नाही तर पुण्यातल्या आपल्या मुलाला फोन करा. घरचाच ऊस आहे, पंधरा दिवस सुट्टी काढ म्हणावं, सूनबाईलाही आण, म्हणजे कोयता पुरा होईल. रोज माणशी 366 रुपये देतो, कोंबडं वेगळं, असंही सांगा. तो नाही म्हणेल. त्याला आळशी म्हणू नका, शिकलेला आहे.